खाऱ्या वाऱ्यातली गाडी : सर्व्हिसिंग, ग्रीसिंग आणि टोचन

बहुतेक गाड्यांच्या सर्व्हिस बुकात लिहिलेलं असतं : दहा हजार किलोमीटर किंवा एक वर्ष, जे आधी होईल ते. पुण्या-मुंबईत किलोमीटर आधी होतात. गुहागर, श्रीवर्धन, मालवणच्या गाडीचं वर्ष आधी होतं, आणि त्या वर्षातही गाडी चालण्यापेक्षा उभीच जास्त असते. कधी माडाखाली, कधी मांगरात, कधी रस्त्याकडेला ताडपत्री घालून. मीटरवर चारच हजार वाढलेले दिसतात म्हणून मालक निर्धास्त, आणि खाली सायलेन्सरला भोक पडलेलं. किनाऱ्यावरच्या गाडीचा हिशोब पंचांग बघून करावा, मीटरकडे नंतर बघितलं तरी चालेल.

कारण सरळ आहे. समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्यात मिठाचे सूक्ष्म कण असतात. ते पत्र्यावर बसतात आणि हवेतली ओल धरून ठेवतात. पाऊस टपावरचं मीठ धुतो, पण चाकांच्या कमानीत आणि गाडीच्या पोटाखाली लाल मातीचा राबडा चिकटून बसतो, त्यात मीठही राहतं आणि ओलही.

म्हणून वर्षाला दोन फेऱ्या ठरवून टाका. पहिली मे महिन्याच्या शेवटी, मृग लागायच्या आत : ब्रेक, टायर, वायपर, बॅटरी आणि पाणी निचऱ्याची भोकं. दुसरी दसऱ्याच्या आसपास, पाऊस ओसरल्यावर : खालून धुणं, इंजिन ऑइल, ग्रीस, गंजाची तपासणी. गणपतीला मुंबईहून येणाऱ्या चाकरमान्यांनी कूलंट आणि ब्रेक ऑइल निघण्यापूर्वीच बघावं. घाटात उतरताना बघून उपयोग नाही.

आधी धुणं, मग वंगण

मिठावर ग्रीस लावलं की मीठ आत कोंडतं. त्यामुळे पहिली पायरी पाण्याची. गोडं पाणी हवं. खाडीकाठच्या बऱ्याच विहिरी उन्हाळ्यात मचूळ होतात, साबणाला फेस धरत नाही, तसलं पाणी गाडीला मारून काही साधत नाही. प्रेशर पंप असेल तर चाकांच्या कमानी, सस्पेन्शनचे आर्म, मागचा ॲक्सल, सायलेन्सरच्या वरची पोकळी आणि दोन्ही बाजूंच्या पायपट्टीखालची कड सावकाश धुवा. रेडिएटरच्या जाळीवर, अल्टरनेटरवर, व्हील बेअरिंगच्या सीलवर जवळून फवारा मारू नका.

मग दारांच्या खालच्या कडेला असलेली निचऱ्याची छोटी भोकं शोधा. मातीने ती बुजतात, दारात पाणी साठतं आणि दार आतून कुजतं. वेगळं हत्यार लागत नाही, खराट्याची एक हीर पुरते. काचेखाली, वायपरच्या जाळीत आंब्या-काजूची पानं अडकलेली असतात तीही हाताने काढा. तिथला निचरा तुंबला तर पाणी केबिनमध्ये उतरतं, आणि गालिचा वर्षभर कुबट वास मारतो.

धुतल्यावर गाडी लगेच शेडमध्ये कोंडू नका. दोन-तीन किलोमीटर चक्कर मारा, मध्ये मध्ये हलका ब्रेक दाबा, म्हणजे डिस्क कोरड्या होतात.

आपल्याकडे गाडीला खालून जळकं ऑइल मारायची जुनी पद्धत आहे. मला ती पटत नाही. त्या ऑइलने सस्पेन्शनचे रबरी बुश फुगतात, धूळ चिकटून थर बसतो, आणि पहिल्या पावसात ते अंगणात, तिथून विहिरीत जातं. त्यापेक्षा मेणासारखा थर धरणारं अँटी-रस्ट कोटिंग घ्या. तेही पूर्ण कोरड्या पत्र्यावर, आधीचा गंज तारेच्या ब्रशने खरवडूनच. ओल्या गंजावर कोटिंग मारलं की वरून गाडी चकाचक आणि आत सड चालूच.

गाडी उचलताना

हा भाग कंटाळवाणा वाटला तरी वाचा, कारण या कामात जीव जातो तो इथेच. जॅक गाडी उचलायला असतो, धरून ठेवायला नाही. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली हातसुद्धा घालायचा नाही. सपाट, टणक जागा निवडा. मातीचं खळं असेल तर जॅकखाली जाड फळी घाला, पावसाळ्यानंतर माती आतून भुसभुशीत असते. गाडी पहिल्या गिअरमध्ये, हँडब्रेक ओढलेला, आणि जे टोक उचलायचं त्याच्या विरुद्ध टोकाच्या चाकांना पुढून-मागून दगड. मग मॅन्युअलमध्ये दाखवलेल्या जागीच जॅक लावून गाडी लोखंडी स्टँडवर टेकवा, आणि खाली जाण्याआधी गाडीला हाताने हिसका देऊन बघा.

स्टँड नसेल तर घरामागे रचलेले जांभ्याचे चिरे वापरावेत असं कुणालाही सुचेल. वापरू नका. जांभा सच्छिद्र असतो, भिंतीत सगळीकडून सारखा भार आला तर तो पिढ्यान्पिढ्या टिकतो, पण एका टोकावर भार आला की सूचना न देता भुगा होतो. सिमेंटच्या पोकळ ब्लॉकचंही तेच.

इंजिन ऑइल

बाजारापर्यंत तीन-चार किलोमीटर, परत तेवढंच, अशा फेऱ्यांमध्ये इंजिन नीट तापतच नाही. आत जमलेली ओल आणि थोडं न जळलेलं इंधन ऑइलमध्ये मिसळतं, उडून जात नाही. म्हणून किलोमीटर कमी झाले तरी वर्षाला ऑइल बदलायचंच, आणि सगळा वापर असाच असेल तर सहा-आठ महिन्यांनी.

कुठलं घालायचं, ते मॅन्युअल सांगतं, दुकानदार नाही. नव्या पेट्रोल गाड्यांना ०डब्ल्यू-२० किंवा ५डब्ल्यू-३० अशी पातळ ऑइलं लागतात. ‘कोकणात उकाडा आहे, जाड घाला, आवाज जाईल’ हा सल्ला कानाआड करा. दुसरा आकडा ऑइल तापल्यावरचा दाटपणा दाखवतो, म्हणजे उकाड्याचा विचार कंपनीने आधीच केलेला असतो. बीएस-६ डिझेल गाडीत डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) असेल तर कमी राखेचं, त्या गाडीला मान्य असलेलंच ऑइल हवं, नाहीतर फिल्टर अकाली तुंबतो आणि त्याचा खर्च हजारोंच्या घरात जातो.

आता काम. इंजिन पाच मिनिटं चालवून बंद करा. ऑइल कोमट हवं, हात भाजेल इतकं गरम नको. वरचं झाकण सैल करा, गाडी स्टँडवर घ्या, खाली पसरट घमेलं ठेवा. चेंबरचा, म्हणजे इंजिनाखालच्या ऑइलच्या टाकीचा, नट रिंग पान्यानेच सोडवा, उघड्या तोंडाच्या पान्याने त्याचे कोन झिजतात. शेवटचे आटे हाताने, नट वर दाबत फिरवा आणि एकदम बाजूला घ्या. पंधरा मिनिटं निथळू द्या.

निथळताना ऑइलकडे बघा. काळं असेल तर ठीक, ते काळं व्हायलाच हवं. ताकासारखं दुधाळ असेल तर आत पाणी किंवा कूलंट गेलंय. बोटावर चमचमणारा धातूचा चुरा आला तर नवीन ऑइल घालायच्या आधी मेस्त्रींना दाखवा.

फिल्टर सोडवल्यावर त्याची जुनी रबरी रिंग फिल्टरबरोबर आली की इंजिनालाच चिकटून राहिली, हे नक्की तपासा. जुन्या रिंगेवर नवी बसली तर इंजिन सुरू केल्यावर सगळं ऑइल मिनिटभरात जमिनीवर येऊ शकतं. नव्या फिल्टरच्या रिंगेला बोटाने ताजं ऑइल लावा, रिंग टेकेपर्यंत हाताने फिरवा, मग आणखी साधारण पाऊण फेरा. पाना लावायचा नाही. ही डब्यासारख्या फिल्टरची रीत. काही गाड्यांत प्लॅस्टिकच्या झाकणाखाली कागदी फिल्टर असतो, त्याच्या झाकणावर कसायचा जोर छापलेला असतो.

चेंबरच्या नटाला नवा वॉशर घाला आणि पहिले आटे हातानेच बसवा. बऱ्याच गाड्यांचं चेंबर ॲल्युमिनियमचं असतं, वाकडा नट पान्याने रेटला की आटे गेलेच.

लहान पेट्रोल गाडीत साधारण तीन ते साडेतीन लिटर ऑइल मावतं. मॅन्युअलमधल्या आकड्यापेक्षा अर्धा लिटर कमी ओता, इंजिन सुरू करा, लाल दिवा काही सेकंदांत विझतो का बघा, खाली गळती बघा, बंद करा. गाडी सपाट जागी उतरवून पाच-दहा मिनिटांनी डिपस्टिक पुसून परत बुडवा आणि दोन खुणांच्या मध्ये येईल इतकं वाढवा. वरच्या खुणेच्या पुढे भरलेलं ऑइलही वाईट, क्रँक त्यात आपटून फेस होतो. जुनं ऑइल नव्याच्या रिकाम्या कॅनमध्ये भरून गॅरेजला द्या.

एअर फिल्टर त्याच वेळी उघडून बघा. चिऱ्यांच्या खाणींकडच्या रस्त्यांवर तो ठरलेल्या मुदतीच्या निम्म्यात लाल होतो. कूलंट कमी असेल तर इंजिन गार झाल्यावरच झाकण उघडा, आणि आधी आहे त्याच जातीचं, डिस्टिल्ड पाण्यातलं मिश्रण घाला.

ब्रेक : इथे चुकीचं ग्रीस धोक्याचं

ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं. ताज्या डॉट-३ चा उकळबिंदू किमान २०५ अंश सेल्सियस असावा लागतो, ओल शोषलेल्याचा १४०. डॉट-४ साठी हेच आकडे २३० आणि १५५ आहेत. आता आंबा किंवा कुंभार्ली घाट उतरताना भरलेली गाडी तिसऱ्या-चौथ्या गिअरमध्ये, पाय सतत ब्रेकवर, असं चित्र डोळ्यांपुढे आणा. कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारी पकड) तापतो, जुनं ऑइल उकळतं, नळीत वाफेचे बुडबुडे होतात आणि पेडल तळाला जातं. दर दोन वर्षांनी ब्रेक ऑइल बदलायचं, किनाऱ्यावर यात सवलत नाही. ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढायचं काम सवय नसेल तर मेस्त्रींकडूनच करून घ्या. आणि घाट ज्या गिअरने चढलात, साधारण त्याच गिअरने उतरा.

दुसरी ठरलेली तक्रार म्हणजे कॅलिपरच्या सरकत्या पिना जाम होणं. ओळखायची खूण : थोडं अंतर चालवून थांबल्यावर एका चाकाची रिम दुसरीपेक्षा जास्त धग मारते. हात जवळ न्या, टेकवू नका. चाक काढून कॅलिपरचा खालचा बोल्ट सोडवा, कॅलिपर वर उचला आणि तारेने बांधा, ब्रेकच्या नळीवर लोंबकळत ठेवू नका. पिना ओढून काढा, जुनं घट्ट झालेलं ग्रीस पुसा. लावायचं ते ब्रेकसाठीचं, रबराला चालणारं, उष्णता सोसणारं सिलिकॉन किंवा सिंथेटिक ग्रीस. डब्यातलं साधं पिवळं किंवा लाल ग्रीस इथे लावलं तर रबरी टोप्या फुगतात आणि पीन पुन्हा अडकते, आधीपेक्षा घट्ट. टोपी फाटलेली असेल तर ती आधी बदला. पॅडच्या कानांना, जिथे ते घोडीत (पॅड धरणाऱ्या चौकटीत) सरकतात तिथे, अगदी पातळ हात. पॅडच्या घर्षणाच्या बाजूला किंवा डिस्कला ग्रीस लागलं तर डिस्क ब्रेक क्लीनरने पुसा आणि पॅड बदला, घासून वापरू नका.

महिनाभर गाडी उभी राहणार असेल तर हँडब्रेक ओढून ठेवू नका. ओलीने मागचे लायनर ड्रमला चिकटतात. सपाट जागी गिअरमध्ये, ऑटोमॅटिक असेल तर पार्कमध्ये, चाकांना दगड लावून ठेवा.

ग्रीस कुठे, आणि कुठे नाही

जुन्या ॲम्बेसेडर, पद्मिनीला जागोजागी निपल (ग्रीस भरायची तोंडं) असायचे, ग्रीसगन घेऊन तासभर खाली पडायचं. आजच्या बहुतेक मोटारींत बॉल जॉइंट, टाय रॉड एंड (सस्पेन्शन आणि स्टिअरिंगचे सांधे) सीलबंद असतात. त्यांत ग्रीस भरता येत नाही, फक्त वरची रबरी टोपी शाबूत आहे का हे बघायचं. बोलेरो, सुमो, ओम्नीसारख्या मागच्या चाकांना ताकद देणाऱ्या गाड्यांत प्रोपेलर शाफ्टच्या क्रॉसला (चार टोकांच्या सांध्याला) अजून निपल सापडतात. निपल आधी पुसा, नाहीतर वाळूच आत ढकलाल. लिथियम ईपी-२ ग्रीस मारा, चारही टोकांतून जुनं बाहेर येऊन ताजं दिसेपर्यंत.

पुढच्या चाकांना ताकद देणाऱ्या गाडीत सीव्ही जॉइंटचे (चाकाकडे जाणाऱ्या शाफ्टच्या सांध्यांचे) घडीदार रबरी बूट बोटांनी उकलून बघा. बूट चिरला की ग्रीस रिमच्या आतल्या बाजूला उडतं आणि लाल माती आत शिरते. मग पूर्ण स्टिअरिंग वळवल्यावर टकटक सुरू होते. आवाज यायच्या आधी सापडला तर बूट आणि ग्रीस बदलून भागतं, नंतर शाफ्टच बदलावा लागतो. बुटाबरोबर येणारं काळं मॉलिब्डेनमचं ग्रीसच वापरा.

आता गाडीभोवती एक प्रदक्षिणा. बॉनेटचं कुलूप आणि त्याची दुसरी कडी : पांढरं लिथियम ग्रीस. दारांच्या बिजागऱ्या आणि दार अडवणारी पट्टी : तेच, जादा झालेलं पुसून. किल्लीची भोकं : ग्रॅफाइटची पूड किंवा कोरडा टेफ्लॉन स्प्रे. तिथे तेल घालू नका, धूळ बसून लगदा होतो. काचांच्या रबरी खाचा आणि दारांचे रबर : सिलिकॉन स्प्रे. सगळीकडे चालतो म्हणून विकला जाणारा गंज सोडवायचा स्प्रे जाम नट सोडवायला उत्तम, पण तो उडून जातो. त्यावर वंगण म्हणून विसंबू नका.

किनाऱ्यावरच्या गाडीला तीन जागा जास्तीच्या.

पहिली, गाडीखाली टांगलेली स्टेपनी. इनोव्हा, एर्टिगासारख्या गाड्यांत ती साखळीने किंवा केबलने वर ओढलेली असते. मिठाने ती यंत्रणा इतकी जाम होते की पंक्चर झाल्यावर स्टेपनी समोर दिसते पण खाली येत नाही. वर्षातून दोनदा ती पूर्ण खाली उतरवा, केबल पुसून ग्रीस लावा, हवा तपासा, परत ओढा.

दुसरी, चाक आणि हब यांचा जोड. गंजाने रिम हबला चिकटते, नट काढले तरी चाक निघत नाही. सर्व्हिसिंगला चाक काढलं की हबची मधली कड तारेने घासून तांब्याच्या ग्रीसचा पुसट हात द्या. चाकाच्या स्टडला आणि नटांना मात्र काही लावायचं नाही, तिथे ग्रीस लागलं की नट प्रमाणाबाहेर कसले जातात.

तिसरी, टोइंग हुकची जागा. बहुतेक नव्या गाड्यांत बंपरवर चौकोनी किंवा गोल झाकण असतं, त्यामागे आट्यांचं भोक आणि हुक स्टेपनीजवळच्या हत्यारांत. आत्ता, अंगणात असतानाच झाकण काढून हुक पूर्ण बसतो का बघा. आटे गंजले असतील तर ब्रशने साफ करून थोडं ग्रीस लावा. फोक्सवॅगन-स्कोडाच्या गाड्यांत हे आटे उलटे असतात, घड्याळाच्या विरुद्ध फिरवून हुक कसायचा. रात्री पावसात हे कळण्यापेक्षा आज कळलेलं बरं.

बॅटरीच्या टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशी आली असेल तर आधी निगेटिव्ह, मग पॉझिटिव्ह काढा. खायच्या सोड्याच्या पाण्याने धुवा, पूर्ण वाळवा. जोडताना उलट क्रम, आणि घट्ट कसून झाल्यावर वरून व्हॅसलीन.

पुळणीत रुतली, पाण्यात बुडाली

पुळणीवर गाडी नेऊच नये. बऱ्याच किनाऱ्यांवर मनाई आहे आणि ती योग्यच आहे. तरीही रुतली तर पहिलं काम ॲक्सिलरेटरवरचा पाय काढायचं. चाक फिरेल तितकं खोल जातं. दुसरं काम, भरती आहे की ओहोटी हे एखाद्या मच्छीमाराला विचारणं. ओहोटीपासून भरतीपर्यंत साधारण सहा तास, आणि अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी नेहमीपेक्षा वर चढतं. त्यावर ठरेल की फावडं घ्यायचं की थेट ट्रॅक्टर बोलवायचा.

वेळ असेल तर इंजिनाची ताकद मिळणाऱ्या चाकांपुढची वाळू उतरती खणा, टायरची हवा १५ ते १८ पीएसआयपर्यंत उतरवा, चाकांपुढे माडाच्या झावळ्या किंवा फळ्या घाला, सगळ्यांना बाजूला करा आणि दुसऱ्या गिअरमध्ये हळू बाहेर काढा. डांबरावर आल्यावर हवा भरेपर्यंत गाडी पळवू नका.

पुराचं वेगळं. जुलै २०२१ मध्ये चिपळूण, महाडला पाणी भरलं तेव्हा रस्तोरस्ती गाड्या बुडाल्या. पाणी पायपट्टीच्या वर गेलेली गाडी, बाहेरून कितीही वाळलेली दिसली तरी, स्टार्टर मारून बघायची नाही. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर ते दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. शिवाय ‘सुरू करून बघितली’ या कारणावरून विमा कंपनी इंजिनाचा दावा नाकारू शकते. पाणी उतरल्यावर फोटो काढा, बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवा आणि गाडी सपाट ट्रकवर चढवून न्या. इलेक्ट्रिक किंवा हायब्रिड गाडी बुडाली असेल तर हातही न लावता कंपनीच्या माणसांना बोलवा.

टोचन करण्याआधी

दोरीने ओढणं हा सर्वांत शेवटचा पर्याय. विमा पॉलिसीत रोडसाइड असिस्टन्स घेतलेलं असेल तर आधी तो फोन करा. राष्ट्रीय महामार्गावर १०३३, कुठेही संकटात ११२. हे नंबर कागदावर लिहून गाडीत ठेवा, घाटात नेट जातं पण साधा फोन बऱ्याचदा लागतो.

मग गाडी दोरीने ओढण्याजोगी आहे का, हे ठरवा. साधा मॅन्युअल गिअरबॉक्स, स्टिअरिंग आणि ब्रेक शाबूत : जवळच्या गॅरेजपर्यंत न्यूट्रलमध्ये ओढता येते. टॉर्क कन्व्हर्टर किंवा सीव्हीटी ऑटोमॅटिक : नाही. इंजिन बंद असताना त्या गिअरबॉक्सचा ऑइल पंप फिरत नाही, चाकं फिरली की आतले भाग कोरडे घासतात. ड्युअल क्लचलाही नको. एएमटीमध्ये (क्लच आणि गिअर यंत्राने बदलणाऱ्या गाडीत) आतला गिअरबॉक्स मॅन्युअलच असतो, पण गाडी गिअरमध्येच अडकली तर न्यूट्रल मिळत नाही, म्हणून मॅन्युअल वाचल्याशिवाय हात घालू नका. चारही चाकांना ताकद जाणारी गाडी आणि इलेक्ट्रिक गाडी फक्त सपाट ट्रकवर.

ब्रेक गेलेली गाडी दोरीने कधीच नाही. आणि घाटात, चढ असो वा उतार, दोरीने नाही. उतारावर मागची गाडी पुढचीच्या अंगावर येते, वळणावर दोर आतल्या बाजूला ताणून गाडी कठड्याकडे खेचतो, आणि आंबोलीच्या धुक्यात तर मागून येणाऱ्याला दोन गाड्यांमध्ये दोर आहे हे दिसतच नाही. गाडी कडेला घ्या, हॅझार्ड लावा, त्रिकोण पुरेसा मागे, वळणाच्या अलीकडे ठेवा आणि माणसांना रस्त्यापासून दूर सुरक्षित जागी उभं करून क्रेनची वाट बघा.

दोर कुठला? वजन लिहिलेला नायलॉनचा रुंद पट्टा, गाडीच्या वजनाच्या दुप्पट-तिप्पट क्षमतेचा. हॅचबॅक साधारण ८०० ते १००० किलोची, मोठी एसयूव्ही दीड टनाच्या वर, त्यात माणसं आणि सामान. सुंभ तुटतो. होडीचा जुना नायलॉन दोर मजबूत दिसतो, पण उन्हा-मिठाने आतून कुजलेला असतो, आणि तुटला की चाबकासारखा उलटा येतो.

ओढताना

१. पट्टा दोन्ही गाड्यांच्या टोइंग हुकला लावा. बंपर, सस्पेन्शन आर्म, टाय रॉड यांना कधीच नाही. गाडीखालच्या काही कड्या ट्रकवर बांधण्यापुरत्या असतात, त्याही नाहीत. हुक पूर्ण आत कसला आहे ना, बघा.

२. नियमाप्रमाणे दोन गाड्यांमधलं अंतर पाच मीटरपेक्षा जास्त नको, दोर लांबून ओळखू यावा, आणि ओढल्या जाणाऱ्या गाडीच्या मागे पांढऱ्यावर काळ्या ठळक अक्षरांत ‘ऑन टो’ अशी पाटी हवी. दोराच्या मध्यावर लाल फडकं बांधा. पहिल्या ओढीला त्यावर ओलं गोणपाटही टाका, दोर तुटलाच तर उसळी कमी होते.

३. मागच्या गाडीत परवाना असलेला, डोकं शांत ठेवणारा माणूस बसवा. किल्ली ‘ऑन’वर, म्हणजे स्टिअरिंग लॉक होणार नाही. किल्ली काढायची नाही. त्याला आधीच सांगा : इंजिन बंद असल्यामुळे एक-दोनदा दाबल्यावर ब्रेक दगडासारखा कडक होईल आणि स्टिअरिंग जड जाईल. दोन्ही पायांनी दाबावा लागला तरी ब्रेक लागतो, घाबरू नये.

४. खुणा ठरवा. एक हॉर्न : निघतोय. दोन : हळू. सलग हॉर्न : थांब. हॅझार्ड चालू असले की वळणाचा दिवा कळत नाही, म्हणून हात दाखवायचा.

५. पुढच्याने पहिल्या गिअरमध्ये, क्लचवर, दोर ताणला जाईपर्यंत मुंगीच्या पावलाने जायचं. ताण बसला की मगच वेग. झटका दिला तर हुक किंवा दोर, दोहोंपैकी एक जातो.

६. ताशी २० च्या वर जाऊ नका. ब्रेक मुख्यतः मागच्याने लावायचा, हलका, दोर सैल पडू न देता. पुढच्याने ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलायचा आणि बराच आधीपासून वेग कमी करायचा. दोर सैल पडून मागच्या गाडीच्या चाकाखाली गेला तर थांबून नीट करा, झटक्याने ताणू नका.

७. जवळचं गॅरेज किंवा पेट्रोल पंप, त्यापुढे नाही. दर काही किलोमीटरला थांबून मागच्या गाडीचं एखादं चाक तापलंय का बघा.

फेरीबोटीवर बंद गाडी दोरीने चढवू नका. दाभोळ-धोपावे असो की दिघी-आगरदांडा, रॅम्प ओला आणि शेवाळलेला असतो, भरती-ओहोटीप्रमाणे त्याचा उतार बदलतो. बोटीवरच्या लोकांना आधी विचारा. त्यांनी हो म्हटलं तर माणसांनी ढकलून, चाकामागे लाकडी ठोकळा सरकवत चढवा, आणि ठोकळा धरणाऱ्याने गाडीच्या रेषेत उभं राहू नये.

गॅरेजला पोहोचल्यावर आधी हँडब्रेक ओढून चाकांना दगड लावा, मग दोर सोडा. चढावर हा क्रम उलटा झाला तर गाडी मागे जाते. हुक काढून हत्यारांत परत ठेवा, बंपरचं झाकण दाबून बसवा, नाहीतर आट्यांत पाणी जातं. पट्टा गोड्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवा, उन्हाने नायलॉन कमकुवत होतो. कडेला एक जरी चीर दिसली तर तो पट्टा गाडीतून काढून टाका, बोजे बांधायला वापरा.